टाकीचं कुलूप

देवळाली प्रवरेच्या योसेफचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण तो उगाच कुणावर निघत नसे, हे त्याच्याशी भांडलेलेही कबूल करत. लग्नाच्या आधीपासून तो आबासाहेबांच्या एकाच ट्रकवर ड्रायव्हर होता. दसऱ्याला ट्रकची पूजा मालक करत, नाताळात टपावर चांदणी योसेफ लावी, आणि दोघांनी एकमेकांच्या कामात कधी नाक खुपसलं नाही. ट्रक म्हातारा झाला होता, कुरकुरत होता, पण योसेफच्या हाताखाली गुमान चालत होता.

अशा माणसाच्या डोळ्यांदेखत आबासाहेबांनी या हंगामात डिझेलच्या टाकीला कुलूप ठोकलं!

कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली की टाकीत नळी घालून डिझेल पळवणारे फिरतात, हे खरं. पण म्हणून काय, योसेफला विचारायचंही नाही? वेल्डिंगवाल्याकडून झाकणावर लोखंडी पट्टी बसवली, पट्टीखाली जुन्या ट्यूबच्या रबराचा जाड तुकडा दाबला. "वाससुद्धा भायेर येता कामा नये," म्हणाले, आणि किल्ली करगोट्याला बांधली. डिझेल भरायचं तर मालक जातीनं पंपावर येणार. कुलूप चोरासाठी असेल तर किल्ली ड्रायव्हरकडे का नको? योसेफ काय समजायचं ते समजला. "रेबेका, इतक्या वर्सांनी मला चोर ठरीवलं," एवढंच तो बायकोला म्हणाला आणि त्या दिवसापासून टाकीच्या बाजूला फिरकलासुद्धा नाही.

मग मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याच्या उसाच्या फडात ट्रक बंद पडला. सकाळी येतानाच बांधापाशी आचके देत कसाबसा पोचला होता. दुपारी ऊस भरून झाला आणि सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरतंय, धरायचं नाव नाही. बॅटरी चांगली होती. योसेफनं फिल्टर खोलला, धुतला, पुन्हा बसवला. सगळा घोळ तिथंच असणार असं तो छातीठोकपणे मच्छिंद्रला सांगून बसला होता. इंजिन ढिम्म.

तेवढ्यात आबासाहेब मोटारसायकलवरून आले. "ऊस ट्रॅक्टरनं वढून न्हेऊ," ते मच्छिंद्रला म्हणाले, "आन् ह्ये धूड आजच भंगारात घालतो. मानूस बोलावलाय." मग योसेफकडे न बघता पुटपुटले, "डिझेलात कुनी काय मिसळलंय, देव जाणे."

योसेफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलूप यांचं, किल्ली यांच्या कमरेला, आणि मिसळणार कोण? पण तोंड उघडलं असतं तर जन्माचं तुटलं असतं. ट्रक तोडायला गेला की हा बट्टा कायमचा कपाळी, हेही त्याला दिसत होतं. तो पुन्हा बॉनेटखाली शिरला.

त्यानं फिल्टरवरचा, अडकलेली हवा काढायचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारू लागला. स्क्रूपाशी डिझेलचा थेंब नाही. उलट पंपाची मूठ हातातून आत ओढली जात होती. म्हणजे पंप ओढतोय आणि टाकीच डिझेल सोडत नाही? टाकी तर भरलेली होती. योसेफ आठवू लागला. मालकांनी पेट्रोलपंपावर कुलूप उघडून डिझेल भरलं की ट्रक कसा मस्त पळायचा; पुढं पुढं दम तोडायचा. भरताना झाकण उघडायचं, त्यात वारं शिरायचं... आणि झाकणाला वारं आत जायला जे बारीक भोक असतं, ते?

भोकावर तर मालकांचं रबर होतं! रागापायी आपण टाकीकडे पाहिलंही नाही, म्हणून त्याला स्वतःचाही राग आला.

"किल्ली द्या," तो म्हणाला.

"टाकी भरल्याली हाय. मी सोता भरलीय."

"तुमीच उघडा मग. मी हात लावत न्हाई."

मच्छिंद्र बघत होता, म्हणून आबासाहेबांना उठावं लागलं. कुलूप निघालं, पट्टी सरली, झाकण वळलं आणि टाकीनं सुस्कन वारं आत ओढलं. योसेफनं झाकणाचं भोक आणि त्यावरचं रबर बोटानं दाखवलं, मग पंप मारून स्क्रूतून हवा काढली, स्क्रू आवळला आणि सेल्फ मारला. ट्रक धुराचा लोट सोडत गरजला.

"लई जुनं झालंय इंजिन," आबासाहेब मच्छिंद्रला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि झाकण लावून पट्टी पुन्हा वर ओढली. "रबराला तेवढं भोक पाडू. कुलूप ऱ्हाऊ दे."

योसेफनं केबिनमधून ऐकलं. त्यानं बंद करायचा दांडा ओढला. इंजिन गप्प झालं.

"आरं, बंद कशापायी केलं?" मच्छिंद्र ओरडला. "माझा ऊस वाळतोय!"

"इंजिन जुनं न्हाई, मालक. कुलूप नवं हाय." योसेफ खाली उतरला आणि सीटखालचा हातोडा आबासाहेबांपुढं धरला. "ती पट्टी तोडा. मच्छिंद्रच्या देखत. मग चालू करतो, न्हाईतर बोलवा तुमच्या भंगारवाल्याला."

आबासाहेबांनी एकदा उसाकडे पाहिलं, एकदा योसेफकडे. मग धोतर खोचलं आणि हातोडा घेतला.