वीस सेकंदांचे फोन

चौसाळ्यात हायवेला लागून माझा एसटीडी बूथ होता. बंद करताना मी दिवसभराच्या पावत्या तपासायचो. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, माणसाने सोयऱ्याला फोन लावला की तो तीन मिनिटांच्या आत ठेवत नाही. पाणीपाऊस, दुखणंखुपणं, पोरगी नांदते का, एवढं विचारायलाच तेवढा वेळ जातो. संध्याकाळचे बरेच फोन मात्र वीस सेकंदांत संपायचे. नंबर एकच. मटक्याचा आकडा विचारायचा. एकाने विचारून सगळ्यांना सांगितला असता तरी चाललं असतं, पण एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. जो तो स्वतः फोन लावायचा.

वडील सांगायचे, त्यांच्या वेळी आकडा दुसऱ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरकडून कळायचा. फोन आला आणि दिवसातून दोनदा हरायची सोय झाली. मी स्वतः कधी आकडा लावला नाही. त्या फोनांचं कमिशन मात्र घेतलं. दुसरी लाइन घेतली, तीही त्यांच्याच जोरावर. पुढे मोबाइल आले, बूथ बंद पडला. वाटलं, पीडा गेली.

माझा धाकटा भाऊ इथेच शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी त्याची बायको माझ्यासमोर उभी राहिली. "भाऊजी, ह्यांचा फोन काढून घ्या. न्हाईतर मी पोरीला घेऊन तेलगावला माहेरी जाते."

"फोन काढला तर पोरांची हजेरी कुठं भरू? तुझ्या कपाळावर?" तिच्या मागून आलेला भाऊ म्हणाला.

"भरा की. तेवढंच उरलंय. गळ्यातलं तर तुमच्या रमीत गेलं."

बूथवर मी एक वायर उपटली असती, तरी तिथला खेळ थांबला असता. उपटली नाही. आता उपटायला वायरच नाही. हजेरी, पगाराचा मेसेज, मुख्याध्यापकांचा निरोप आणि पत्ते, सगळं एकाच काचेवर. शेवटी ठरलं, फोन माझ्याकडे राहील. रोज साडेदहाला मी शाळेत जायचं, हजेरी भरेपर्यंत त्याच्याजवळ उभं राहायचं आणि फोन खिशात घालून परत यायचं. बाकीचे शिक्षक हसायचे. अकरा दिवस मी एकदाही चुकलो नाही.

बाराव्या दिवशी तिला त्याच्या बुटात दुसरा फोन सापडला. काच तडकलेला, जुना. ती दुपारच्या गाडीने निघाली. मी स्टँडवर गेलो.

"भाऊजी, आडवू नका," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाकडं बघून दोनदा थांबले. आता न्हाई."

पोरगी दप्तर मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "दादा, तुझा फोन दे. तिला लावतो. एकदाच."

मी त्याच्या हातात दिला नाही. नंबर मीच लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरून उभा राहिलो. पलीकडे पोरीने उचलला. माझा हात अवघडला, तरी फोन मीच धरून होतो.