मिशिगनमधलं आळं

हे गेल्यावर पुढच्या हिवाळ्यात मुलाने मला ॲन आर्बरला नेलं. गावचं घर बंद झालं, जमीन पुतण्यांकडे गेली. येताना साडीच्या घडीत मी लाल भोपळ्याच्या बिया आणल्या. ह्यांनी पिकवलेल्या शेवटच्या भोपळ्यातल्या. दरवर्षी एक चांगला भोपळा बियांसाठी राखायचा, हे काम ह्यांचंच. आता त्या बिया दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या.

आमच्याकडे वेलांची आळी अक्षय्य तृतीयेला करतात. त्या दिवशी लावलेलं वाया जात नाही, असं समजतात. इथे स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर होतं. ते बघून मी आधीच बिया ओल्या फडक्यात बांधून हीटरच्या जाळीजवळ ठेवल्या. मोड आले. तृतीयेला मागच्या दारी, उन्हाच्या भिंतीशी आळं करून सगळ्या लावल्या. सणाला हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून एकही मागे ठेवली नाही. ऊन छान पडलं होतं. थंडी सरली असंच वाटलं. थोड्याच दिवसांत दोन-दोन पानं वर आली. सकाळचा चहा मी तिथेच उभी राहून घ्यायची.

नात तेव्हा चौथीत होती. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे तिचा अभ्यास मला जवळचा वाटायचा. बोटीने या देशात आलेले पहिले लोक कुठे राहिले, तिथल्या जमिनीमुळे आणि हवेमुळे कसे जगले, याचा नकाशा तिला पुठ्ठ्यावर करायचा होता. मी मैद्याची खळ शिजवून दिली. तिने उत्तरेला खडे आणि कापसाचा बर्फ चिकटवला.

"आजी, इकडे सगळे स्टोन्स. समर छोटा. सो ते फिशिंग करायचे, बोटी बनवायचे. खाली वॉर्म, म्हणून मोठे फार्म्स. पण मॉस्किटोज! लोक सिक व्हायचे."

"घरून बी नाही आणलं त्यांनी?"

"आणलं ना. बट दे थॉट, इथलं वेदर घरच्यासारखंच असेल. मग विंटरमध्ये खूप लोक डाइड."

"मग परत का नाही गेले?"

"बोट गेली होती, आजी," ती खडा दाबत म्हणाली.

त्याच आठवड्यात एका सकाळी दार उघडलं तर गवत पांढरं. रोपांची पानं उकडल्यासारखी काळी, लिबलिबीत झाली होती. मुलगा आणि नात मागे येऊन उभे राहिले.

"फ्रॉस्ट पडला, आई. इथे मे संपेपर्यंत भरवसा नसतो. मला विचारायचंस तरी."

"तृतीया होती," मी म्हटलं.

नात आत गेली. नकाशातून उरलेला कापूस घेऊन आली आणि एकेका रोपावर पांघरत बसली. मी तिला अडवलं नाही.

पुढे मुलाने दुकानातून बियांचं पाकीट आणलं. जूनमध्ये त्याच आळ्यात लावलं. वेल माजला, पानं झडायच्या दिवसांत भोपळे पिकले. मी घारगे केले. भोपळा पाणचट होता, पीठ जास्त लागलं, गूळही जास्त घातला.

"बाबांच्या भोपळ्यासारखेच झालेत गं," मुलगा खाता खाता म्हणाला.

मी त्याच्या पानात आणखी एक वाढला.