कुत्र्याची कातरणी

आमच्या जतच्या बाजूला कुत्रं म्हणजे राखणीचं. मेंढरांमागं पळायचं, लांडग्यावर भुंकायचं, भाकरी खायची आणि मातीत लोळायचं. कुत्र्याला अंघोळ घालतात, त्याचे केस विंचरतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तेही बायकोमुळं.

लेक इस्लामपूरला दिली आहे, उसाच्या घरात. तिनं आईला सोबत म्हणून एक पिल्लू आणून दिलं. पांढरं, झुबकेदार, कापसाच्या बोंडासारखं. मी म्हटलं, "ह्ये काय राखण करणार? चोर ह्यालाच पिशवीत घालून न्हेतील."

बायको म्हणाली, "न्हेऊ देत. तुमाला तर फुकट बी कोण न्हेत न्हाई."

तिनं त्याचं नाव ठेवलं, ते मी कधी घेतलं नाही. मी आपलं "ए" म्हणायचो. तेही यायचं. दिवस कलला की ती पायरीवर बसायची, आधी आपले केस विंचरायची आणि मग त्याच फणीनं त्याचे. मला किळस यायची. मी तसं बोलायचोही. ती म्हणायची, "त्याचं केस तुमच्या डोसक्यापरास सोच्च हायती."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला ती गेली. ताप आला आणि गेली. कुणाला लय त्रास दिला नाही. तसलीच होती.

कुत्रं पायरीवर बसायला लागलं. मी त्याला भाकरी घालत होतो, पाणी ठेवत होतो. केसांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. बांधावरची कुसळं अडकली, गोखरू अडकलं, चिखल वाळला. उन्हाळा लागेपर्यंत अंगावर नुसत्या जटा. एक दिवस लेकीनं फोन केला, तोंड दिसतं तसला. मी फोन धरलेला वाकडा, त्यात कुत्रं दिसलं.

"आण्णा! ह्येची काय दशा केलीया! आईनं कसं ठेवलं व्हतं त्येला!"

"कुत्र्यासारखं कुत्रं हाय."

"मी रविवारी येती नि घिऊन जाती. हितं दुकान हाय, कुत्र्यांची अंघोळ, केस, समदं करत्यात. तुमच्यानं व्हत न्हाई."

"ने की," मी म्हटलं. "माझं काय अडलंय?"

फोन ठेवला आणि पायरीकडं बघितलं. घरात मी बोललो की कान हलवणारं तेवढं एकच होतं. तेही गेलं तर मग मी भिंतीला शिव्या द्यायच्या का? पण एकदा 'ने' म्हणून बसलो होतो. रविवारच्या आत त्याला माणसात आणायचं, म्हणजे लेक आपण होऊन म्हणंल की राहू दे, असा मी बेत केला.

आधी बायकोची फणी काढली. कोनाड्यात होती तशीच होती. तिच्यात पांढरे केस अडकलेले. तिचे कुठले आणि कुत्र्याचे कुठले, काही कळेना. फणी परत ठेवली. माझ्या खिशातला कंगवा घेतला. तो जटेत घातला, ओढला, कुत्र्यानं माझं बोट दातात धरलं आणि कंगव्याचे दात मोडले. दोघंही ओरडलो.

मग अंघोळ. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं. कुत्र्याला बादली ओततोय म्हटलं तर शेजारीण गल्लीभर करंल. म्हणून मी दगडावर बसलो, कुत्र्याला पायांत धरलं आणि स्वतःच्या डोक्यावर तांब्या ओतला. माझी अंघोळ वरनं, त्याची खालनं. एकाच पाण्यात दोघं. शेजारीण कुडावरनं बघत होतीच. म्हणाली, "आवं मामा, कोण कुणाला घालतंय त्ये तरी सांगा!"

घाण निघाली. पण जटा भिजून वाळल्या आणि आणखी घट्ट झाल्या. घोंगडी भिजवून वाळवल्यावर आवळते ना, तशा.

घोंगडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर मी काय केलं? मेंढरं कातरली. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली, पण कातर ठेवली होती. ती काढली, दगडावर घासली आणि म्हाताऱ्या दोस्ताला हाक मारली. आम्ही दोघांनी बरोबरीनं मेंढरं राखलेली. कातरणीला एकमेकाच्या वाड्यावर जायचं आणि जेवून यायचं, ही आमची जुनी रीत.

तो आला, कुत्र्याकडं बघितलं. "ह्येला कातरायचं? आणि जेवाय काय?"

"पिठलं."

"मग धर मागलं पाय."

मेंढराला पाडतात तसं आडवं पाडलं, तीन पाय एकत्र बांधले. कुत्रं गुरगुरलं. दोस्तानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि भाकरीचा तुकडा तोंडात दिला. तुकडा गेला, गुरगुर गेली. मी गळ्यापासनं कातर घातली. हात थरथरतो माझा हल्ली, चहा सांडतो. पण कातर हातात आली आणि थरथर कुठं गेली देव जाणे. बोटानं कातडं ताणायचं, पातं चपटं ठेवायचं, कचकच पुढं जायचं. पोट झालं, बरगडी झाली. कुत्रं चक्क घोरायला लागलं. आणि सगळ्या जटा अंगरख्यासारख्या एकसंध निघाल्या.

दोस्त म्हणाला, "आरं गड्या, आत एवढंच कुत्रं व्हतं व्हय? बाकीचा समदा बारदानाच की!"

खरंच, उंदराच्या पिल्लागत दिसत होतं. पण कातडी साफ होती. एक ओरखडा नाही, चट्टा नाही. मी खूश. शेवटचा पाय राहिला होता, तोवर तिकडं दोस्ताचे हात मोकळे. आणि मोकळ्या हातांनी आयुष्यभर जे केलं, तेच त्यानं केलं. कातरीच्या पेटीत रंगाची पुडी होती, ती कालवली. कातरणी झाली की प्रत्येक मेंढराला धन्याची खूण करायची, म्हणजे कळपात कळप मिसळला तरी ओळख पटते. मी पाय सोडायला आणि त्यानं कुत्र्याच्या ढुंगणावर दोन बोटं लाल ओढायला एकच गाठ पडली.

"आरं काय केलंस!"

त्यानं आपल्या बोटांकडं बघितलं. "हात गेला रं."

"गेला तर गेला, खूण तुझी केलीस! माझी मानंवर असती!"

"मग आता ह्यो माझा," म्हणाला आणि पिठलं मागायला लागला.

मी ओल्या फडक्यानं पुसायला गेलो. तो रंग पावसात टिकायला केलेला. निघाला तर नाहीच, पसरला. शेपटीपर्यंत गेला, पोटाखाली गेला. कुत्रं लग्नातल्या सरबताच्या रंगाचं झालं. शेजारणीला कुडावर यायलाही वेळ मिळाला नाही, ती थेट दारातनंच आली आणि हसून हसून खाली बसली.

रविवारी लेक आली. हातात झाकणाची टोपली, पिशवीत नवा कोरा ब्रश. कुत्रं धावत गेलं. ती दोन पावलं मागं सरली.

"आण्णा, ह्ये कुणाचं?"

"तुझ्या आईचं."

तिनं खाली बसून त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडते, मग वाटलं हसते. दोन्ही होतं. पदर काढून म्हणाली, "माणूस हायसा का कोण तुमी! चल रं बाळा, ह्येंच्या हातात एक दिवस बी ठेवायचं न्हाई तुला." आणि टोपलीचं झाकण उघडलं.

माझा बेत सगळा पाण्यात गेला. आयुष्यभर मी फाडफाड बोललो. सरपंचाला बोललो, व्याह्याला मांडवात बोललो. पण कुणाकडं काही मागायचं म्हटलं की माझी जीभ रेटत नाही. बायकोकडं मी पाणीसुद्धा "तहान लागलीया" म्हणून मागितलं. ती आणायची, म्हणून तसं चालून गेलं.

"न्हेऊ नगंस त्येला," मी म्हटलं.

लेक वळली.

"माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. घरात दुसरं कोण हाय?"

ती टोपली तशीच धरून उभी. "मग फोनवर 'ने की' का म्हणालासा?"

"तोंडातनं गेलं."

"आणि केस आल्यावर? परत जटाच न्हवं?"

"इंचरीन की."

"जल्मात कुणाचं इंचरलंयसा?"

"मेंढरास्नी कंगवा लागत न्हाई."

तिनं टोपली खाली ठेवली. पायरीवर माझ्याकडं पाठ करून बसली, वेणी सोडली आणि खांद्यावरनं ब्रश माझ्या हातात दिला. "घ्या. ह्येच्या अंगावर तर तुमी काय ठेवलं न्हाई, माज्यावरच शिका. गुंता निगाला तर ऱ्हाऊ दे त्येला हितं."

मी मुळापासनं ब्रश ओढला. ती किंचाळली. "आवं खालनं! आदी टोक सोडवायचं, मग वर वर जायचं. आणि मूळ मुठीत धरा, म्हंजी ओढ बसत न्हाई."

मी मूळ मुठीत धरलं. लेकीचे केस मी तिच्या जावळानंतर हातात धरलेच नव्हते. प्रवासानं गुंतले होते, धूळ होती. एक गुंता सुटला, मग दुसरा. कुत्रं आमच्यामध्ये येऊन बसलं, आता आपला नंबर असल्यासारखं. तेवढ्यात दोस्त दारात आला.

"आता लेकीला बी कातरतोस काय रं?"

"तुमी रंग घिऊन आलाय का काका?" लेकीनं तिथनंच विचारलं. "लय लांब ऱ्हावा माज्यापासनं."

वेणी मी घातली ती सुतळीगत वाकडी झाली. तिनं हात लावून चाचपली. परत सोडली मात्र नाही. चारच्या एसटीला तशीच गेली. टोपली रिकामी घेऊन चढली, ब्रश माझ्याजवळ ठेवला. खिडकीतनं वाकून म्हणाली, "पुडल्या म्हयन्यात येती. एक जरी गुंता घावला ना आण्णा, तर दोघांस्नी बी घिऊन जाती."

गाडी हलली. कुत्रं गाडीमागं पाच-दहा पावलं पळालं आणि मग परत आलं.