वरची पट्टी

गणपतभाऊंचं गाणं मी संपवलं. काल मुलाने भजन वाजवताना सिंथेसायझरचं एक बटण दाबलं, तेच भजन वरच्या पट्टीत चढलं आणि मला पंच्याऐंशी सालची मार्कंड्याची जत्रा आठवली. वैनगंगेची तापलेली वाळू, कापराचा वास, गाणारे भाऊ, साथीला माझी पेटी. टाळ्या फक्त भाऊंनाच मिळत, म्हणून त्या दुपारी मी मुद्दाम वरची पट्टी धरली. त्यांचा आवाज फाटला, लोक हसले. वय झालं समजून भाऊंनी गाणंच सोडलं.

आज गोंडपिपरीला त्यांच्या घरी गेलो.

"काऊन रे पेटीमास्तर, वाट चुकला का? आता तं मी गात बी नाई."

"भाऊ, तुमचा आवाज गेला नव्हता. पट्टी मीच चढवली होती. मले माफ करा."