तेल खाली आहे

शिंदे की छावनीतल्या त्या काकूंनी मला वाचवलं. हे आधी लिहितो, बाकीचं मागाहून. ग्वाल्हेरात मला आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि त्यांचंही माझ्याशी काही नातं नव्हतं.

आठवीत शाळा सुटली. मग गाडी शिकलो आणि गावाकडच्या ओळखीनं इथं एका साहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. बिर्ला नगरात खोली घेतली. दिवसभर ‘जी साहब’. मराठी काय ती रविवारी, फोनवर, आईशी.

त्या दुपारी साहेबांना कचेरीत सोडून परतताना छावनीतच स्टिअरिंगपुढच्या काचेत पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. मी मुळात घाबरट. खोलीचं कुलूपसुद्धा ओढओढून बघणारा. एका फाटकासमोर गाडी थांबवली, वाकून पाहिलं, तर गाडीखाली काळं ओलं. साहेबांच्या नेहमीच्या गॅरेजला फोन लावला. घाबरलो की माझी हिंदी मराठीवर घसरते.

“भैया, इंजन की बत्ती जली है. और तेल खाली है.”

मला म्हणायचं होतं, तेल खाली पडलंय. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे ठाऊक असूनही त्या घडीला सुचलं नाही.

“खाली है? और गाड़ी चला रहे हो?” मिस्त्री ओरडला. “इंजन गया समझो. खोलना पड़ेगा.” त्यानं खर्च सांगितला. तो ऐकून मी तापलेल्या बॉनेटवरच हात टेकला.

त्यानं साहेबांनाही लगेच कळवलं असणार, कारण साहेबांचा फोन आला. “बिना तेल के दौड़ा रहा था? इंजन खुला तो तेरी छुट्टी. सीधा गाँव जा.”

गावी माझ्याच पगारावर चूल पेटते. “आई गं,” माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

गाडी हलवायला सांगण्यासाठी एक काकू फाटकातून बाहेर येत होत्या. थबकल्या. “मराठी आहेस का रे? मग रडून का राहिलास?”

हिंदीच्या वळणाची असली तरी मराठीच ती. मी सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्या हसायलाच लागल्या. मला रागच आला.

“अरे, तू खाली म्हणजे नीचे म्हणालास ना? त्यानं रिकामं समजून घेतलं!” माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी मिस्त्रीला लावला. “भैया, ये लड़का दक्खिन का है. इनके यहाँ खाली माने नीचे. तेल ख़त्म नहीं हुआ, नीचे कुछ टपका है.”

“तो अम्मा, मराठी में क्यों डरा रहा था? डिपस्टिक दिखवाओ.”

तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, घालून परत काढली. तेल अगदी वरच्या खुणेला. खालचं ओलं म्हणजे एसीचं पाणी, आणि काळा डाग रस्त्याचा, जुना. गाडी सावकाश गॅरेजात नेली तेव्हा कळलं, उंदरानं एका सेन्सरची वायर कुरतडली होती. वायर जोडल्यावर दिवा विझला. काकूंनी त्याआधीच माझ्या फोनवरून साहेबांनाही समजावलं होतं. नोकरी राहिली.

संध्याकाळी ही गंमत कुणाला तरी सांगावीशी वाटली. शेजारच्या खोलीतल्याला सांगितली. तो म्हणाला, “खाली बोलोगे तो खाली ही समझेगा न?” आईला फोन केला. ती म्हणाली, “खाली पडलेल्याला खालीच म्हणणार की. त्यात हसायचं काय?” हसायला या शहरात मला एकच माणूस होतं.

दुपारी फाटकापासून निघताना पाणी देत काकू म्हणाल्या होत्या, “आमचे लोक शिंद्यांच्या फौजेबरोबर तिकडूनच आले. साताऱ्याकडचं गाव म्हणतात. मी कुठे बघितलंय! आणि आता आमची मुलंही नीचेच म्हणतात.”

गावी जाता-येता तिकडचा रस्ता मला पाठ झालाय. गाडी कुणाचीही असो, एक दिवस काकूंना त्यांच्या गावाला घेऊन जाईन. त्यांना अजून बोललो नाही, पण हे माझं वचन आहे.