भुतांच्या शाळेतल्या बाई

"ओरडायचं नाही. नुसतं बघायचं."

काकू असं म्हणायच्या, चष्मा नाकावर जरा खाली ओढायच्या आणि काचांच्या वरून तुमच्याकडे बघायच्या. बाकी काही नाही. पण तेवढ्यानं समोरचा माणूस आधी ताठ बसायचा आणि मग गृहपाठ राहिल्यासारखा कावराबावरा व्हायचा. मी चाळिशी ओलांडलेली बाई, ऑफिसात दहा-बारा माणसांची टेस्टिंग टीम सांभाळते. पण काकूंनी तसं पाहिलं की मी हातातला फोन उलटा करून ठेवायचे.

अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. परीक्षेला सुपरव्हिजनवर त्या आल्या की मुलं कॉपीच्या चिठ्ठ्या आपण होऊनच खिडकीबाहेर टाकायची, असं त्यांचा मुलगा प्रफुल्ल सांगायचा. काका गेल्यावर त्यानं त्यांना इकडे शॉमबर्गला आणलं. रीतसर ग्रीन कार्ड झालं. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत आमच्यापासून तिसरं दार त्यांचं.

तुमच्या रांगेतही अशा एखाद्या काकू असतील, बघा. सकाळी अकराला जाड कोट घालून फुटपाथवरून एकट्याच चालणाऱ्या. आपण गाडीची काच खाली करून "कशा आहात?" विचारतो, त्या लगेच "चहाला ये ना" म्हणतात, आणि आपण "वीकेंडला नक्की" म्हणून पुढे जातो. मी दोन वर्षं अशीच पुढे जात होते.

मग एका ऑक्टोबरात माझी मुलगी ईरा हट्टाला पेटली. तिला भोपळे आणायला शेतावर जायचं होतं, नवरा बाहेरगावी होता. जाताना काकू दारात दिसल्या, म्हणून त्यांनाही गाडीत घेतलं. हे शेत आमच्यापासून तासाभरावर, पश्चिमेला. दिवसा तिथं ट्रॅक्टरची फेरी, मक्याच्या शेतातला भुलभुलैया, गरम सफरचंदाचा रस. गुरांचा जुना लांबलचक गोठा होता, त्याचं त्यांनी हाँटेड हाउस, म्हणजे तिकीट काढून घाबरायला जायचं भुतांचं घर केलं होतं. संध्याकाळी मोठ्यांसाठी, आणि दुपारी लहान मुलांसाठी जरा पातळ केलेलं.

आम्ही त्या पातळ भुतांमध्ये शिरलो. दुसऱ्याच वळणावर सांगाड्याचा मुखवटा घातलेला एक उंच माणूस "हाऽऽ" करून अंगावर आला. ईरा किंचाळली. काकू थांबल्या. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा "हाऽ" म्हणाला, पण अर्धाच. काकू बघतच राहिल्या. शेवटी त्यानं मुखवटा काढला, केस नीट केले आणि म्हणाला, "सॉरी, मॅम."

मागं शेताची मालकीण लिंडा उभी होती. साठीची, मातीनं माखलेले बूट. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं मला विचारलं, "ह्या परत असं करू शकतील का? दर शनिवारी?"

मला वाटलं, काकू नाही म्हणतील. काकू म्हणाल्या, "येस. बट आय विल नॉट जंप."

पहिल्या वर्षी लिंडानं त्यांना चेटकीण करायचं ठरवलं आणि हातात खराटा दिला. काकूंनी तो परत केला. "झाडू मी घरी मारतेच," त्या मला म्हणाल्या, "त्यासाठी तासभर गाडीत कशाला बसू?" मग लिंडानं कुठूनतरी शोधून पांढरी साडी आणली. त्या दिवशी मात्र काकूंचा आवाज चढला. "हे गेले तेव्हासुद्धा मी पांढरं नेसले नाही. आता भूत झाले म्हणून नेसू?"

शेवटी त्या आपल्या शाळेतल्या सुती साडीतच भूत झाल्या. मोरपंखी, बारीक काठाची. चेहऱ्याला तेवढा पांढरा रंग आणि डोळ्यांखाली काळं. गोठ्याच्या शेवटच्या खोलीत त्यांनी वर्ग मांडून घेतला. काळा फळा, चार बाकं, एक टेबल, वर एकच पिवळा बल्ब. लोक आत यायचे तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून फळ्यावर त्रैराशिकाचं उदाहरण लिहीत असायच्या. बल्ब विझायचा. परत लागायचा तेव्हा त्या अगदी हातभर अंतरावर उभ्या असायच्या आणि हळूच विचारायच्या, "व्हाय आर यू लेट?"

बस्स. हात लावायची तिथं कुणालाच परवानगी नव्हती, आणि त्यांना गरजही नव्हती. आधीच्या खोल्यांतल्या करवती, साखळ्या, रक्त ह्यांना हसत आलेली सहा-सहा फुटी कॉलेजची मुलं काकूंच्या वर्गातून एकमेकांना ढकलत पळायची. एक तर म्हणाला होता, "आय ॲम सॉरी, द बस वॉज लेट." ज्यांना घाबरायचं नसेल त्यांना तिकिटाच्या खिडकीवर गळ्यात घालायला चमकणारी हिरवी माळ मिळायची. ती माळ दिसली की काकू नजर खाली वळवायच्या आणि कुजबुजायच्या, "देअर इज अ स्टेप ऑन द लेफ्ट. केअरफुल."

त्यांना गाडी येत नसल्यानं सोडायचं काम माझं. सुरुवातीला मी बाहेर बसून रस प्यायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत फळ्यामागं बसून बल्बचं बटण दाबायचं काम मला लागलं होतं. ऑफिसात ह्याची वाच्यता केली नाही.

पण काकूंनी हे फार मनावर घेतलं. सप्टेंबरात हाँटेड हाउसं उघडू लागली की रविवारी आम्ही "तपासणी"ला निघायचो. कधी विस्कॉन्सिनच्या हद्दीपर्यंत, कधी इंडियानाच्या. एक बंद पडलेल्या कारखान्यातलं, एक चर्चच्या तळघरात गावकऱ्यांनीच हौसेनं उभारलेलं, एक खोटं इस्पितळ, एक खोटा तुरुंग. मी डोळे मिटून काकूंच्या कोटाला धरून आत जायचे. त्या मात्र सगळं नीट बघून बाहेर यायच्या आणि गाडीत बसून वहीत शेरे लिहायच्या. कारखान्याला, "आवाज मोठा, अभ्यास कमी." इस्पितळाला, "धूर फार. भूत दिसत नाही." चर्चच्या तळघरात एक आजोबा शवपेटीतून उठायचे, पण गुडघ्यामुळं त्यांना वेळ लागायचा. त्यांच्यापुढं काकूंनी लिहिलं होतं, "उत्तम. घाईत नाहीत."

घरी मात्र त्यांनी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. "शेतावर मदत करते" एवढंच. प्रफुल्लची समजूत अशी की आई भोपळे विकते. सुनेला ठाऊक असावं, कारण ती साडीवरचे पांढरे डाग बिनतक्रार धुवायची.

"सांगत का नाही त्याला?" मी एकदा विचारलं.

"त्याला आवडणार नाही. मराठी मंडळात लोक काय म्हणतील, असं त्याचं असतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि सांगू कधी? घरात येतो तेच कानात बोळे घालून. जेवतानासुद्धा मीटिंग. माझ्याशी दोनच वाक्यं बोलतो. गोळी घेतलीस? हीटर वाढवू? मी 'हो' म्हणते नि 'नको' म्हणते. संपला संवाद."

त्या वर्षी ऑक्टोबर लागल्यापासून प्रफुल्ल जास्तच गप्प झाला होता. रस्त्यात भेटला तरी हसायचं राहून जायचं त्याचं.

ऑक्टोबरातला तिसरा शनिवार असेल. संध्याकाळी साडेसहाचा सुमार, रांग अंगणापर्यंत गेलेली. मी फळ्यामागं होते. फळ्याला एक भोक पाडलेलं होतं, त्यातून मला खोली दिसायची. आधीच्या खोलीत किंकाळ्या झाल्या आणि सात-आठ जणांचा घोळका आत आला. एकाच रंगाचे टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह. ऑफिसची सहल. आणि सगळ्यांनी मिळून ज्याला पुढे ढकललं होतं, तो प्रफुल्ल.

काकू फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. पण मागं कुणीतरी म्हणालं, "यू गो फर्स्ट, मॅन," आणि प्रफुल्ल म्हणाला, "नो नो, प्लीज, यू गो." खडू थांबला. आवाज त्यांनी ओळखला होता. भोकातून मला त्यांचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. मी भोकातून बोट हलवून खुणेनंच विचारलं, बटण दाबू की नको? आता ह्या पाठमोऱ्याच राहतील, पदर डोक्यावरून ओढून घेतील, असं मला वाटलं.

काकूंनी मान हलवली. दाब.

मी दाबलं. अंधार झाला. मी मनात तीन आकडे मोजले आणि बल्ब लावला.

त्या प्रफुल्लच्या नाकासमोर उभ्या होत्या. त्यांनी चष्मा खाली ओढला. "व्हाय आर..."

"आई गंऽऽऽ!"

गोठ्याचे पत्रे हादरतील असा तो ओरडला आणि मटकन बाकावर बसला.

आणि भूत म्हणालं, "काय रे बाबू? काय झालं?"

ऑफिसातल्या एका मुलीनं विचारलं, "व्हॉट डिड शी से?" प्रफुल्लनं मान वर करून त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे, मग मोरपंखी साडीकडे, मग परत चेहऱ्याकडे पाहिलं.

"दॅट्स," तो म्हणाला, "दॅट्स माय मॉम."

पुढचं मिनिटभर त्या खोलीत जे चाललं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. लोक टाळ्या वाजवत होते. त्याचा मॅनेजर काकूंना वाकून नमस्कार करत होता. मागचा घोळका आत घुसून "काय झालं, काय झालं" विचारत होता. मी फळ्यामागं पोट धरून बसले होते आणि हसण्याच्या नादात बल्ब तीनदा लावला नि विझवला.

प्रफुल्ल उठला. "आई, चल घरी."

"अजून दीड तास आहे," काकू म्हणाल्या. "शाळा सुटेपर्यंत थांब."

तो थांबला. ऑफिसची मंडळी निघून गेली, हा बाहेर गवताच्या गठ्ठ्यावर बसून राहिला. मध्ये एकदा मी त्याला रस नेऊन दिला. त्याच्या कानात काहीही नव्हतं. "मला वाटलं, ती भोपळे विकते," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "चांगली करते का गं ती?"

"सगळ्यात चांगली," मी म्हटलं. "लोक तिच्यासाठी दुसऱ्यांदा तिकीट काढतात."

काकू त्याच्या गाडीतून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदाच, कुणी न बोलावता, त्यांच्याकडे चहाला गेले.

"रागावला का?" मी विचारलं.

"नाही. हसला थोडा. मग टोल नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि रडायला लागला." काकूंनी चहा गाळला. "त्याची नोकरी जाणार आहे. सगळी टीमच बंद करताहेत. पंधरा दिवस झाले त्याला कळून. ती कालची सहल म्हणजे निरोप होता त्यांचा. बायकोला सांगितलं नाही, मला नाही. एकटाच घेऊन फिरत होता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, हे पेपर अवघड गेल्यासारखं आहे. घरी येऊन सांगायचं असतं, म्हणजे जेवण तरी गोड लागतं." त्यांचे डोळे भरले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "एक सांगू? काल तो ओरडला ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. किती दिवसांनी अशी पोटातून हाक मारली त्यानं. मी भूत आहे हे विसरूनच गेले बघ."

पुढचे दोन-तीन महिने त्या घराला जड गेले. पण जड जाताना दिसत होते, एवढा फरक पडला. प्रफुल्ल संध्याकाळी आईबरोबर चालायला जाऊ लागला. जानेवारीत त्याला टेक्सासला, शुगर लँडला नोकरी लागली आणि बर्फ वितळायच्या आत ते सगळे गेले. लिंडा निरोप द्यायला एवढ्या लांब आली. काकूंनी तिला आपली शेऱ्यांची वही दिली. सगळी मराठीत. लिंडानं ती छातीशी धरली आणि मला म्हणाली, "तू वाचून दाखवशील ना?"

पुढच्या सप्टेंबरात मी तिला वाचून दाखवली. काकूंची खोली तिनं एका पोरसवदा नटाला दिली. तो बिचारा फार ओरडतो.

ऑक्टोबरात काकूंचा फोन आला.

"इथं अजून उकडतंय गं," त्या म्हणाल्या. "भुतांचा रंग घामानं ओघळतो. पण एक जागा सापडली आहे. मीच जाऊन सांगितलं त्यांना, तुमची भुतं घाई करतात. त्यांनी शनिवार-रविवार दिला."

"आणि जाता कशा?"

"प्रफुल्ल सोडतो. पन्नास मिनिटं लागतात. रस्ताभर बोलत असतो, ऑफिसचं, ह्याचं, त्याचं. मला डुलकीसुद्धा घेऊ देत नाही."

"आत येतो का मग तुम्हाला बघायला?"

"छे!" काकू म्हणाल्या. "पार्किंगमध्ये बसतो. काचा वर करून, दारं लॉक करून."