ताडपत्रीवाली

आता तिच्या मुलाखती येतात. मराठीतली पहिली सुपरहिरो चित्रकथा काढणारी बाई, असं छापतात आणि मोजणी सुरू करतात रंगीत पुस्तकापासून. साफ खोटं. सुरुवात घुग्घुसला झाली, आमच्या धूळविरोधी चळवळीच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला.

पुढच्या बाजूला माझा मजकूर असे: कोळशाचे ट्रक झाका, धूळ थांबवा. त्यात लोक भजी बांधून न्यायचे. एक दिवस ती म्हणाली, "कागदावर नुसता बोंबलून राह्यला तू. मागची बाजू मले दे."

तिनं एक बाई काढली. ट्रकवरची ताडपत्री खांद्याला बांधून उडणारी. उघडा ट्रक दिसला की वरून ताडपत्री पांघरायची आणि मालकाला कान धरून धुळीत उभा करायची. झेरॉक्सवाल्या भाऊंनी पहिलं पान परतच केलं. "इतकं काळं नोको भरू बाई, टोनर खाते." मग तिनं काळं भरणं सोडलं. नुसत्या रेघा. आमच्या काळ्या गावात तेवढी एक पांढरी. खाणीतली पाळी सुटली की लोक मोटरसायकल थांबवून पत्रक मागून घेऊ लागले. माझ्यासाठी नाही, हे मला कळत होतं.

मग ती शहरात गेली. पुस्तकातल्या ताडपत्रीवालीचे दंड पीळदार झालेत, ताडपत्री रेशमासारखी चमकते. चांगलंच काढलंय. पण मला ती घाईतली बाई हवी असते, आणि झेरॉक्सच्या काउंटरवर वाकून, जीभ दातात धरून रेघ ओढणारी तीही.

यंदा ट्रक पुन्हा उघडे फिरू लागले. मी फोन केला. "एक पान काढून दे. तुही ताडपत्रीवाली पाह्यजे."

"नाई जमत. ते आता माही नाई राह्यली. करारावर सही केली ना मी. प्रकाशकाले विचारलं बी होतं मांगं. नाई म्हणे."

"तूच काढली अन् तुलेच मनाई?"

"भाषण नोको देऊ, नेताजी."

मी दिलंच. मेहनत कोणाची, मालकी कोणाची, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लय दिवसानं आयकलं रे. बरं वाटलं."

मी फोन ठेवला.

आठवड्याभरात पान आलं. आमचा चौक. उघडा ट्रक, तोंडाला दुपट्टे बांधलेल्या बाया, पाळीवर निघालेले लोक, आणि तोंड उघडं टाकून उभा असलेला मी. सगळे वर पाहतायत. वर कोरं आभाळ. खाली चिठ्ठी: याले कोणाची परवानगी लागत नाई.

मजकूर न घालता तेच छापलं. काल एका म्हातारीनं पत्रक उलटंपालटं करून विचारलं, "काऊन बापू, हे वर कोणाले पाहून राह्यले?"

"येईल म्हणतात," मी म्हणालो.